सरकती सीमा : माँटगोमेरीचे ३८१ दिवस

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत वांशिक पृथक्करणाची, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नागरिकांना सार्वजनिक जीवनात सक्तीने अलग ठेवण्याची, जी व्यवस्था नांदली, तिचा इतिहास बहुधा कायदे आणि न्यायनिवाडे यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु त्या व्यवस्थेचा रोजचा मुक्काम असे तो रेल्वेच्या डब्यात, शाळेच्या वर्गात, पिण्याच्या पाण्याच्या नळावर आणि शहर बसच्या बाकांवर. कोणी कोठे बसावे, कोणत्या दाराने आत यावे आणि कोणासाठी कोणी उठावे, हे तेथे ठरवणारी माणसे न्यायमूर्ती किंवा आमदार नव्हती, तर कंडक्टर, चालक, शिपाई अशी साधी नोकरदार होती. अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी येथील कृष्णवर्णीय नागरिकांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहर बसवर जो बहिष्कार घातला, तो या दृष्टीने विशेष अभ्यासण्याजोगा आहे. रोजच्या कारभारातून चालणारी विषमता तितक्याच चिकाटीने चालवलेल्या दुसऱ्या रोजच्या कारभाराने कशी मोडता येते, आणि तेवढ्यानेही काय मोडायचे राहून जाते, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र पाहायला मिळतात.

१८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या संविधानात तीन दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण देण्याचे बंधन राज्यांवर घातले आणि १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. मात्र १८७७ साली संघराज्याच्या फौजेने दक्षिणेतील पाठबळ काढून घेतल्यावर या दुरुस्त्यांची अंमलबजावणी करणारे तेथे कोणी उरले नाही, आणि राज्याराज्यांनी पुढील काही दशकांत असे कायदे केले, की ज्यांना मिळून ‘जिम क्रो’ हे नाव पडले. हे नाव मूळचे रंगमंचावरील एका सोंगाचे. १८३० च्या सुमारास एक गोरा नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीय माणसाची नक्कल करीत असे, त्या पात्राचे नाव पुढे एका अख्ख्या राज्यव्यवस्थेला चिकटले. लुइझियाना राज्याने १८९० साली रेल्वेत दोन वंशांसाठी वेगळे डबे सक्तीचे केले, तेव्हा होमर प्लेसी यांनी १८९२ मध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसून मुद्दाम अटक करवून घेतली आणि त्या कायद्याला आव्हान दिले. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला, आणि सोयी समान असतील तर त्या वेगळ्या असण्याने समतेचा भंग होत नाही, असे जे तत्त्व त्यातून निघाले ते ‘वेगळे पण समान’ या नावाने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ पृथक्करणाची ढाल बनून राहिले. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्याने या निकालाला विरोध नोंदवला होता.

माँटगोमेरी हे या इतिहासातले आडबाजूचे गाव नव्हते. १८६१ मध्ये संघराज्यातून फुटून निघालेल्या गुलामधारी राज्यांची पहिली राजधानी येथेच होती. १९०१ च्या राज्यघटनेने अलाबामाने मतदानासाठी विशेष कर आणि साक्षरतेची परीक्षा अशा अटी लादून कृष्णवर्णीयांना मतदारयादीतून जवळजवळ पुसून टाकले, त्यामुळे नगरपालिका असो की विधिमंडळ, गाऱ्हाणे घेऊन जाता येईल असा आपला प्रतिनिधी त्यांना उरला नाही. १९०० साली शहराने ट्रामगाड्यांत वंशानुसार जागा ठरवून देण्याचा नियम केला, तेव्हाही येथील कृष्णवर्णीयांनी ट्रामवर बहिष्कार घातला होता. त्या सुमारास दक्षिणेतील पंचवीसहून अधिक शहरांत असे बहिष्कार झाले. माँटगोमेरीच्या नियमात एक सवलत नोंदलेली होती, ती अशी की गाडीत दुसरी जागा रिकामी नसेल तर कोणाही उतारूला बसल्या जागेवरून उठवता येणार नाही. ही सवलत पुस्तकात राहिली आणि गाडीत निराळीच वहिवाट रुजली.

ही वहिवाट नेमकी कशी चाले, हे समजल्याखेरीज पुढचा संघर्ष समजत नाही. माँटगोमेरीच्या शहर बसमध्ये ३६ जागा असत. पुढच्या १० जागा गोऱ्यांसाठी राखीव होत्या, आणि गाडीत एकही गोरा उतारू नसला तरी त्या रिकाम्याच ठेवाव्या लागत. मागच्या १० जागा कृष्णवर्णीयांच्या समजल्या जात. मधल्या १६ जागांवर कोणाचाही कायमचा हक्क नव्हता, तेथील सीमा चालक ठरवी आणि गर्दी वाढली की ती मागे सरकवी. गोरा आणि कृष्णवर्णीय एका रांगेत बसणे निषिद्ध असल्यामुळे एका गोऱ्या उतारूला एक जागा हवी झाली, तरी त्या रांगेतील चारही कृष्णवर्णीयांना उठावे लागे. भाड्याचे १० सेंट पुढच्या दाराशी चालकाजवळ भरायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत शिरायचे, असा शिरस्ता होता, आणि पैसे भरून उतारू मागच्या दाराशी पोहोचण्यापूर्वी चालकाने गाडी दामटल्याचे प्रकारही घडत. चालक सर्व गोरे होते, आणि जागा ठरवण्याच्या बाबतीत नगरपालिकेच्या नियमांनी त्यांना पोलिसाचे अधिकार दिलेले होते. अशा रीतीने शहरातला सर्वांत फिरता सरकारी अधिकारी स्टिअरिंगमागे बसत असे आणि त्याचा शब्द हाच त्या क्षणापुरता कायदा असे.

शहराची लोकसंख्या तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती आणि तीत कृष्णवर्णीय सुमारे ५०,००० होते, परंतु बसच्या उतारूंमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश भरत असे. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणे आणि मुलांची देखभाल करणाऱ्या स्त्रियांना रोज शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागे आणि त्यांच्याकडे मोटारी नव्हत्या. ज्यांच्या भाड्यावर कंपनी चालत होती त्यांनाच ती सर्वांत वाईट वागवीत होती, हा विरोधाभास पहिल्यांदा हिशेबात मांडला तो शहरातल्या शिकलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मेरी फेअर बर्क्स यांनी १९४६ साली ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ ही संस्था स्थापन केली होती. त्याच कॉलेजातील जो ॲन रॉबिन्सन १९४९ मध्ये नकळत पुढच्या जागेवर बसल्या असता चालक त्यांच्या अंगावर ओरडत धावून आला होता. पुढच्याच वर्षी संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि बसचा प्रश्न संस्थेच्या कामाच्या अग्रभागी आला. सार्वजनिक शाळांतील पृथक्करण घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १७ मे १९५४ रोजी लागला, आणि त्यानंतर चारच दिवसांनी, २१ मे रोजी, रॉबिन्सन यांनी महापौर डब्ल्यू. ए. गेल यांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता सभ्य शब्दांत पण निःसंदिग्धपणे कळवली. म्हणजे बहिष्काराचे निमित्त ठरलेल्या रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधीच या लढ्याचा आराखडा कागदावर उतरलेला होता.

त्याचा नमुनाही समोर होता. लुइझियानाच्या बॅटन रूज शहरात जून १९५३ मध्ये धर्मोपदेशक टी. जे. जेमिसन यांच्या नेतृत्वाखाली बसवर काही दिवसांचा बहिष्कार झाला होता आणि तेवढ्या काळात लोकांना खासगी मोटारींतून मोफत ने-आण करण्याची सोय उभी राहिली होती. माँटगोमेरीत निमित्ताची वाट पाहिली जात होती, आणि निमित्ते येत राहिली. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या विद्यार्थिनीने जागा सोडण्यास नकार दिला, तेव्हा पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवले, हातकड्या घातल्या आणि पृथक्करणाचा नियम मोडण्याबरोबरच पोलिसांवर हल्ला केल्याचाही आरोप तिच्यावर ठेवला. ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीला अशीच अटक झाली. परंतु ज्या व्यक्तीच्या नावाने सारा समाज एकवटेल, ती विरोधकांच्या निंदेलाही पुरून उरणारी असावी, असे नेत्यांना वाटत होते. कॉल्विनचे कोवळे वय, तिचा तापट समजला गेलेला स्वभाव आणि तिच्या घरची गरिबी यांवर त्यांनी बोट ठेवले. मध्यमवर्गीय नेतृत्वाची ही निवड डावपेच म्हणून समजण्याजोगी होती, पण तिची किंमत त्या मुलीने मोजली.

१ डिसेंबर १९५५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, ‘माँटगोमेरी फेअर’ या दुकानातले शिवणकाम आटोपून रोझा पार्क्स क्लीव्हलँड ॲव्हेन्यूच्या बसमध्ये चढल्या आणि मधल्या भागाच्या पहिल्या रांगेत बसल्या. पुढच्या जागा भरल्यावर एक गोरा पुरुष उभा राहिला, तेव्हा चालक जेम्स ब्लेक यांनी त्या रांगेतील चौघांना उठण्यास सांगितले. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत. गाडीत दुसरी जागा रिकामी नव्हती, त्यामुळे शहराच्या स्वतःच्याच नियमाप्रमाणे त्यांना उठवण्याचा अधिकार चालकाला नव्हता. दिवसभर राबून थकलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने अवचित नकार दिला, ही कथा पुढे जगभर पसरली, पण ती अर्धवट आहे. ४२ वर्षांच्या पार्क्स १९४३ पासून ‘एनएएसीपी’ या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या देशव्यापी संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या, अत्याचार झालेल्या स्त्रियांची प्रकरणे त्यांनी खेडोपाडी जाऊन नोंदवली होती, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतील ‘हायलँडर’ या कार्यकर्त्यांच्या शाळेत त्यांनी शिबिरही केले होते. याच ब्लेक यांनी १९४३ मध्ये, मागच्या दाराने चढण्याच्या वादावरून, त्यांना गाडीतून उतरवले होते. त्यांचा नकार त्या क्षणी सुचलेला असला तरी त्यामागे बारा वर्षांची तयारी होती.

रेल्वेच्या शयनयान सेवकांच्या संघटनेचे स्थानिक पुढारी ई. डी. निक्सन यांनी क्लिफर्ड आणि व्हर्जिनिया डर या गोऱ्या दांपत्याला बरोबर घेऊन पार्क्स यांची जामिनावर सुटका करवली. तरुण कृष्णवर्णीय वकील फ्रेड ग्रे यांच्याकडून ही बातमी रॉबिन्सन यांच्यापर्यंत रात्री पोहोचली, आणि कोणत्याही सभेची किंवा ठरावाची वाट न पाहता त्यांनी त्याच रात्री कॉलेजातील सायक्लोस्टाइल यंत्र गाठले. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी मदतीला होते. सोमवारी बसमध्ये चढू नका, एवढाच मुद्दा सांगणारा छोटा मजकूर एका कागदावर तीनदा बसवून हजारो प्रती काढल्या गेल्या, कापून त्यांचे गठ्ठे बांधले गेले, आणि शुक्रवारी दिवसभरात ते शाळा, दुकाने, केशकर्तनालये, कारखाने अशा ठरलेल्या ठिकाणी पोहोचले. कॉलेज राज्य सरकारच्या पैशावर चालणारे होते, तेव्हा कागद आणि यंत्र कोणाचे वापरले हे उघड झाले असते तर रॉबिन्सन यांची नोकरी गेली असती. म्हणून पत्रकावर कोणाचेही नाव नव्हते आणि त्यांचा वाटा कित्येक वर्षे झाकलेलाच राहिला.

सोमवार, ५ डिसेंबरला बस रिकाम्या धावल्या. कृष्णवर्णीय गुंड उतारूंना अडवतील अशी हूल उठवून शहराने बसमागे मोटारसायकलवर पोलीस धाडले, पण ते पाहून जे थोडे लोक चढण्याच्या विचारात होते तेही माघारी फिरले. त्याच सकाळी पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर न्यायालयीन खर्च अशी शिक्षा झाली. दुपारी ‘माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन’ ही नवी संघटना स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी, शहरात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेल्या, २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांची निवड झाली. नवखे असल्याने ते स्थानिक गटातटांत गुंतलेले नव्हते, हा त्या निवडीमागचा एक व्यवहारी विचार होता. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये आत मावले नाहीत इतके लोक बाहेर रस्त्यावर उभे राहिले आणि एका दिवसाचा बहिष्कार बेमुदत करण्याचा निर्णय झाला.

त्या सभेतून पुढे आलेल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांच्या मवाळपणाचे नवल वाटते. चालकांनी सौजन्याने वागावे, कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे अशा क्रमाने जो आधी येईल त्याने आधी बसावे, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत, एवढेच त्यांत मागितले होते; पृथक्करण रद्द करण्याची मागणी नव्हती. अलाबामातीलच मोबील शहरात बसण्याची अशी पद्धत आधीपासून रूढ होती. म्हणजे सीमा पुसून टाका असे कोणी म्हणत नव्हते, ती चालकाच्या मर्जीने सरकू नये एवढेच म्हणणे होते. कंपनीने आणि नगरपालिकेने तेही नाकारले, कारण एकदा सवलत दिली की कृष्णवर्णीय विजयाच्या बढाया मारतील, असे त्यांना वाटत होते. अधिकार नेमका कोठे वसतो हे त्यांनी अचूक ओळखले होते. सीमा सरकवण्याची मुभा काढून घेतली असती तर सीमेत भीती वाटण्याजोगे फारसे उरले नसते.

मराठी वाचकाला येथे ‘बहिष्कार’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम जाणवावेत. जातपंचायतीने वा गावाने दुबळ्याला वाळीत टाकण्याचे ते जुने हत्यार. त्याच अनुभवातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले होते. माँटगोमेरीत बहिष्कृतांनी ते हत्यार उलटे धरले. फरक इतकाच, की वाळीत टाकणाऱ्या बलिष्ठाला स्वतःला काही सोसावे लागत नाही, आणि दुबळ्याला मात्र बहिष्कार टाकायचा तर आधी आपल्या पायांची सोय पाहावी लागते.

ही सोय पाहणे हाच पुढील वर्षभराचा खरा उद्योग होता. सुरुवातीला कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या टॅक्सींनी बसच्याच भाड्यात, म्हणजे १० सेंटांत, उतारू नेले. पोलीस आयुक्त क्लाइड सेलर्स यांनी टॅक्सीचे किमान भाडे ४५ सेंट असल्याचा नियम बाहेर काढताच ही वाट बंद झाली. मग बॅटन रूजच्या अनुभवावरून सामायिक मोटारींची यंत्रणा उभारण्यात आली. सुमारे ३०० मोटारमालकांनी आपली गाडी देऊ केली, टपालवाटप करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी शहराच्या गल्लीबोळांची माहिती पुरवली, आणि दोन आठवड्यांच्या आत सकाळी लोकांना कामावर पाठवण्यासाठी ४८ आणि संध्याकाळी परत आणण्यासाठी ४२ थांबे निश्चित झाले. सकाळचे थांबे बहुतेक चर्चच्या आवारात होते, कारण पहाटे माणसे वस्तीतून निघत. संध्याकाळी ती गोऱ्यांच्या मोहल्ल्यांतून परतत, त्यामुळे तेथे चर्चचे आवार मिळणे शक्य नव्हते आणि जागा हेरून ठेवाव्या लागत. शहराच्या मध्यभागी कृष्णवर्णीयांच्या मालकीचे वाहनतळ होते, तेथे गाड्या बदलण्याचे मुख्य ठाणे झाले. संघटनेला केवळ या वाहतुकीपोटी दरमहा सुमारे ५,००० डॉलर खर्च येऊ लागला.

हा पैसा देशभरातून आणि परदेशांतूनही आला, पण पहिला आणि नेमाने येणारा आधार शहरातलाच होता. जॉर्जिया गिलमोर या उपाहारगृहातील स्वयंपाकीण बाईंनी काही जणींना जमवून तळलेल्या कोंबडीचे सँडविच, केक आणि पाई विकून पैसे उभे करण्यास सुरुवात केली. या मंडळाचे नाव त्यांनी ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कोठूनही नसलेला क्लब’, असे ठेवले. गोऱ्यांच्या घरी नोकरी करणाऱ्या बायका त्यात होत्या आणि खाद्यपदार्थ विकत घेणाऱ्यांत गोरेही असत, तेव्हा पैसे कोठून आले असे कोणी विचारले तर नावातच उत्तर होते. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या चर्चमधील सभेत जमलेली रक्कम जाहीर झाली की टाळ्यांचा कडकडाट होई. संघटनेने पुढे काही स्टेशन वॅगन, म्हणजे मागे ऐसपैस जागा असलेल्या मोटारी, घेतल्या आणि त्या वेगवेगळ्या चर्चच्या नावांवर नोंदवल्या. दारांवर चर्चचे नाव रंगवलेल्या या गाड्यांना लोक चाकांवरची चर्च म्हणत. स्थानिक विमा कंपन्यांनी त्यांचे विमे वारंवार रद्द केले, कारण विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नसे. अखेर अटलांटातील एका कृष्णवर्णीय विमा प्रतिनिधीमार्फत थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवण्यात आला. एका शहर बसच्या सीमारेषेवरून सुरू झालेला वाद अशा रीतीने अटलांटिकपलीकडच्या विमापत्रापर्यंत जाऊन पोहोचला होता.

शहराचा प्रतिकार हळूहळू कठोर होत गेला. कंपनीने जानेवारी १९५६ मध्ये भाडे १० वरून १५ सेंट केले. त्याच महिन्यात महापौर गेल ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’मध्ये दाखल झाले, शालेय पृथक्करणाविरुद्धच्या निकालानंतर प्रतिष्ठित गोऱ्यांनी काढलेली ही संघटना नोकऱ्या, कर्जे आणि घरे यांच्या नाड्या आवळून कृष्णवर्णीयांना नमवण्याचे काम करी. गेल यांनी गोऱ्या गृहिणींना आपल्या मोलकरणींना मोटारीतून ने-आण करू नका असे बजावले, पण घरकाम अडल्यामुळे अनेकींनी त्यांचे ऐकले नाही. पोलीस सामायिक मोटारींच्या चालकांना क्षुल्लक कारणांवरून दंड करू लागले. किंग यांना ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर ३० मैलांच्या वेगाने गाडी चालवल्याबद्दल अटक झाली. ३० जानेवारीच्या रात्री त्यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा ते सभेत होते आणि पत्नी कोरेटा व तान्ही मुलगी घरात होत्या, दोघी बचावल्या. घरासमोर जमलेल्या संतप्त, सशस्त्र लोकांना किंग यांनी ओसरीवरून शांत करून परत पाठवले. दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरावरही बॉम्ब टाकण्यात आला. फेब्रुवारीत, कायदेशीर धंद्यात सबळ कारणाविना अडथळा आणण्यास मनाई करणारा १९२१ चा राज्य कायदा उकरून काढून ८९ जणांवर आरोप ठेवले गेले. ज्या समाजात अटक ही दहशतीची गोष्ट होती, त्याचे पुढारी दुसऱ्या दिवशी चांगले कपडे घालून आपण होऊन पोलीस कचेरीत हजर झाले, आणि आपले नाव यादीत आहे की नाही याची काहींनी चौकशीही केली. खटला पुढे फक्त किंग यांच्यावर चालला आणि त्यांना ५०० डॉलर दंड झाला.

या लढ्याचे गांधीजींशी असलेले नाते पुष्कळदा सोपे करून सांगितले जाते. बहिष्कार सुरू झाला तेव्हा त्याची भाषा प्रामुख्याने ख्रिस्ती प्रेमाची होती, आणि किंग यांच्या घरात सुरुवातीला बंदुकाही होत्या. गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी या बहिष्काराची तुलना जाहीरपणे केली ती ज्यूलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी, १२ डिसेंबर १९५५ रोजी स्थानिक वृत्तपत्रात छापून आलेल्या पत्रात; त्या पत्राबद्दल आपल्याच समाजाकडून त्यांना दीर्घकाळ छळ सोसावा लागला. पुढे फेब्रुवारीत बेयर्ड रस्टिन आणि नंतर ग्लेन स्मायली हे अहिंसक प्रतिकाराचे अनुभवी कार्यकर्ते शहरात आले आणि त्यांच्या सहवासात किंग यांची अहिंसा डावपेचाकडून तत्त्वाकडे झुकली. १९५९ साली किंग भारतात आले तेव्हा मुंबईत ते मणिभवनात उतरले, ते या प्रवासाच्या पुढच्या टप्प्यावर.

निर्णायक घाव मात्र न्यायालयात बसला. पार्क्स यांचा खटला राज्याच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे अडकवून ठेवता येईल हे ओळखून फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या न्यायालयात स्वतंत्र दावा दाखल केला आणि त्यातून पार्क्स यांचे नाव जाणीवपूर्वक वगळले. दाव्याला ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ हे नाव पडले ते ऑरेलिया ब्राउडर या पहिल्या वादी स्त्रीवरून. तिच्याबरोबर सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन याही वादी म्हणून उभ्या होत्या. राज्याच्या कायद्याला घटनेच्या आधारे आव्हान असल्यामुळे तीन न्यायाधीशांचे पीठ नेमले गेले आणि ११ मे रोजी सुनावणी झाली. ज्या मुलीला चळवळीचा चेहरा होण्यास अपात्र ठरवले होते, तिची साक्ष आता चळवळीला हवी होती. कॉल्विन तेव्हा १६ वर्षांची होती. ५ जून १९५६ रोजी न्यायाधीश रिचर्ड राइव्हज आणि फ्रँक जॉन्सन यांनी बहुमताने असा निकाल दिला, की बसमधील सक्तीचे पृथक्करण चौदाव्या दुरुस्तीचा भंग करते. तिसरे न्यायाधीश सीबर्न लिन यांनी १८९६ च्या निकालाचा आधार घेऊन विरोध नोंदवला. नगरपालिका आणि राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले.

१३ नोव्हेंबर १९५६ या एका दिवसात या लढ्याचे दोन्ही पदर समोरासमोर आले. माँटगोमेरीच्या स्थानिक न्यायालयात सामायिक मोटारी हा विनापरवाना धंदा असल्याचा दावा शहराने केला होता आणि त्याची सुनावणी चालू असतानाच वॉशिंग्टनहून बातमी आली, की सर्वोच्च न्यायालयाने जूनचा निकाल कायम केला आहे. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींवर बंदीही घातली. म्हणजे हक्क मिळाला तेव्हाच वाहन गेले; आणि लेखी आदेश शहरात पोहोचेपर्यंत बसमध्ये चढायचे नाही असे ठरलेले असल्यामुळे शेवटचा सव्वा महिना लोकांनी शेजारच्यांच्या मदतीवर आणि बहुतांशी पायीच काढला. या काळात चर्चमधून तालमी घेतल्या गेल्या. बाके बससारखी मांडून कोणी चालक, कोणी गोरा उतारू, कोणी शिवीगाळ करणारा अशी सोंगे घेत आणि शिवी आली तरी उलट उत्तर न देता बसून राहण्याचा सराव होई. २० डिसेंबरला आदेश पोहोचला आणि २१ डिसेंबरच्या सकाळी किंग, त्यांचे सहकारी राल्फ ॲबरनथी, निक्सन आणि स्मायली पहिल्या बसमध्ये चढून पुढच्या भागात बसले.

याला निखळ विजय म्हणावे तर त्यानंतरचे महिने आड येतात. काही दिवसांतच धावत्या बसवर गोळीबार सुरू झाला आणि एका गरोदर कृष्णवर्णीय स्त्रीच्या पायांना गोळ्या लागल्या. संध्याकाळच्या फेऱ्या काही काळ थांबवाव्या लागल्या. १० जानेवारी १९५७ च्या पहाटे चार चर्च आणि दोन घरे यांवर बॉम्ब टाकण्यात आले, आणि या प्रकरणांत कोणालाही शिक्षा झाली नाही. बस एक झाली तरी शाळा, इस्पितळे, उपाहारगृहे वेगळीच राहिली. सार्वजनिक उद्यानांतील पृथक्करणालाही न्यायालयात आव्हान मिळाल्यावर शहराने १९५९ साली ती सर्वांसाठी खुली करण्यापेक्षा सर्वांसाठी बंद करणे पसंत केले, आणि गोऱ्या मुलांनाही हिरवळीला मुकावे लागले. पार्क्स यांची नोकरी बहिष्काराच्या काळातच गेली होती; काम आणि सुरक्षितता यांपैकी काहीच न मिळाल्याने १९५७ मध्ये त्यांनी डेट्रॉइटचा रस्ता धरला. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दक्षिणेतील धर्मोपदेशकांची नवी संघटना स्थापून संघर्षाचे क्षेत्र वाढवले, परंतु १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा येईपर्यंत आणखी कित्येक मोर्चे, तुरुंगवास आणि बळी घडायचे होते.

तरीही माँटगोमेरीचे महत्त्व त्यामुळे उणावत नाही. पृथक्करणाची ताकद नियमाइतकीच तो रोज बजावणाऱ्या माणसांत होती, म्हणून न्यायालयाचा एक शब्द तिला पुरेसा नव्हता. आणि बहिष्कार कितीही चिवट असला तरी नोव्हेंबरमधील एका मनाई हुकुमाने त्याची चाके थांबली, तेव्हा न्यायालयाचा शब्द आला नसता तर तोही पुरेसा ठरला नसता. एका बाजूला निकाल आणि दुसऱ्या बाजूला सायक्लोस्टाइल, थांब्यांची यादी, विमापत्र आणि केकविक्रीचा गल्ला, या दोन्हींची सांगड बसली तेव्हा सीमा हलवण्याचा अधिकार चालकाच्या हातून गेला. ज्यांनी ही सांगड घातली त्यांतील अनेक जणी कोणत्याही व्यासपीठावर दिसल्या नाहीत.

क्लॉडेट कॉल्विन यांच्या बाबतीत कारभार आणखी बराच काळ चालू राहिला. पृथक्करणाचा नियम मोडल्याचा आरोप अपिलात गळून पडला होता, पण पोलिसांवर हल्ला केल्याचा ठपका आणि त्यापोटी बजावलेली बेमुदत देखरेख तशीच राहिली, आणि ती संपल्याचे त्यांना कोणी कधीच कळवले नाही. त्या न्यूयॉर्कला गेल्या, तेथे परिचारिकांच्या साहाय्यक म्हणून नोकरी करून निवृत्त झाल्या. ज्या कायद्याविरुद्ध त्यांनी साक्ष दिली तो १९५६ मध्ये रद्द झाला. त्यांच्या नावावरची नोंद पुसण्याचा आदेश माँटगोमेरीच्या बालन्यायालयाने दिला तो २०२१ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८२ व्या वर्षी.